सातवी दाढ

अमरावतीच्या राजापेठेत दातांचे दवाखाने पुष्कळ आहेत, पण वेटिंगमध्ये जुन्या मासिकांऐवजी दगड ठेवलेला दवाखाना एकच. डॉ. नीलम तायडेंचा. खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, वर नीटची शिकवणी आणि मधल्या मजल्यावर ड्रिलचा आवाज. दाढ धरून आलेला माणूस बाकड्यावर बसला की समोरच्या काचेच्या कपाटात त्याला दगड झालेल्या गोगलगायी दिसतात, दगड झालेलं ताडाचं खोड दिसतं, आणि प्रत्येकाखाली नीलमच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी, कुठल्या नाल्यात आणि कोणत्या थरात सापडलं त्याची. लोक म्हणत, डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे, पण डोक्यानं जरा सरकलेल्या आहेत. दर रविवारी स्कूटीच्या डिकीत हातोडी घालून मेळघाटाच्या पायथ्याचे नाले धुंडाळणाऱ्या पन्नाशीच्या बाईला आपल्याकडे आणखी काय म्हणणार? तिनं लग्न केलं नाही, त्याचंही खापर लोकांनी दगडांवरच फोडलं होतं.

हे सगळं तिनं हसण्यावारी नेलं होतं. खपत नसे ती एकच गोष्ट. तिच्या मापावर कोणी बोट ठेवलेलं. तिचे वडील पुंजाजी भूमापक म्हणून निवृत्त झालेले. बांधावर दोन भावांनी एकमेकांवर कुऱ्हाडी उचलल्या तरी पुंजाजी तायड्यानं टाकलेल्या खुणेला कोणी खोटं म्हणालं नाही, हे त्या घराचं धन. बाकी धन फारसं नव्हतंच.

जबडा मिळाला तो महादेवरावांमुळे. तेल्हारा तालुक्यातले शेतकरी, पूर्णेच्या काठी वावर. लेकीकडे अमरावतीला आले असताना कवळी बसवायला नीलमकडे येत. कपाटाकडे बघत एकदा म्हणाले, "असा एक आमच्याइथं हाय, बाई. कडब्याच्या गंजीवर दाब म्हणून ठेवला हाय."

पुढच्याच रविवारी नीलम तिथं हजर. खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी गुरंही नाखुशीनं पितात, आणि भेगाळलेल्या काळ्या मातीचा उंच काठ दर पुरात थोडाथोडा नदीत जातो. गंजीवर जे ठेवलेलं होतं ते पाहून तिच्या तोंडाला पाणीच सुटलं. हत्तीच्या खालच्या जबड्याचा डावा अर्धा भाग, आणि त्यात एक अखंड दाढ. तिनं हाडाला जीभ लावली. ही जुनीच रीत आहे. पुरातन हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. हे चिकटलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ चिकटून राहिलं, जीभ सोडवताना बारीकशी कळ आली.

महादेवरावांनी तोंड फिरवलं. "दरड ढासळली तवा निंघाला होता. घेऊन जा, बाई. आमाले नको."

"फुकट देता? जड वस्तू आहे, कामाची आहे तुमच्या."

"यंदा कडबा पुरला नाई," ते म्हणाले. "ढोरं तेवढीच, गंजी तेवढीच. चोर कडबा खालतून ओढते, बाजूनं ओढते. ही गंजी वरतूनच खाली बसत गेली."

नीलमला वाटलं वाळवी लागली असेल. तसं ती म्हणालीही. महादेवराव हो म्हणाले, पण हसले नाहीत, आणि जबडा तिनं भाड्यानं आणलेल्या गाडीत ठेवायला दोन माणसं लावली तरी स्वतः हात लावला नाही.

हत्तीच्या दाढांची गोष्ट माहीत नसेल तर पुढचं कळायचं नाही. आपल्यासारखे त्याचे दात खालून वर येत नाहीत. दाढ जबड्याच्या मागच्या टोकाला तयार होते आणि हळूहळू पुढे सरकत येते. भाकरी उभ्या रचून ठेवाव्यात तशा तिच्यात चकत्या असतात. पुढच्या चकत्या झिजतात, तुटून पडतात, मागच्या त्यांची जागा घेतात. एक दाढ संपली की मागून दुसरी. अशा जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यात सहा. सहावी झिजली की हत्तीला चावता येत नाही आणि तो उपाशी मरतो. नीलमच्या जबड्यातली दाढ सहावी होती. पुढच्या तीन चकत्या झिजून सपाट झाल्या होत्या, बाकीच्या शाबूत. म्हातारा होता, पण उपाशी मरण्याइतका नाही.

दाताच्या डॉक्टरला असल्या कामाची हत्यारं विकत आणावी लागत नाहीत. बारीक टोच्यांनी आणि ब्रशांनी तिनं खारट मातीचा कण न् कण काढला. मग पेशंटच्या दातांचं माप घेते तसंच या दाढेचं घेतलं: मापाचा गुलाबी लगदा दाबून बसवला, घट्ट झाल्यावर काढला, त्यात प्लास्टर ओतलं. पांढरी शुभ्र प्रतिकृती निघाली. फोटो आणि मापं तिनं नागपूरच्या एका संस्थेतले जीवाश्मांचे जाणकार डॉ. गोवर्धन साठवणे यांना पाठवली. त्यांचा फोन आला. "वा, मॅडम! फार सुंदर नमुना. उन्हाळ्यात येतो बघायला." त्या रात्री पुंजाजींच्या घरी पुरणाचा बेत झाला.

साठवणे आले एप्रिलच्या मध्यात. गोरेगोमटे, नीटनेटके, शर्टाच्या खिशात घडीचं भिंग. एक्स-रेच्या बिनखिडकीच्या खोलीत लोखंडी टेबलावर जबडा ठेवला होता. त्यांनी मोजला. पुन्हा मोजला. मग मोबाइलवर तिचेच फोटो काढून शेजारी धरले.

"मॅडम, फोटोत पुढं तीन झिजलेल्या चकत्या आहेत. इथं एकच आहे."

नीलमनं वाकून बघितलं. एकच होती. उरलेली दाढ फोटोतल्यापेक्षा अंगठ्याच्या रुंदीइतकी पुढे होती. पुढच्या कडेला तुटल्याची खूण नव्हती, ती काचेसारखी गुळगुळीत होती.

"ही मोडतोड नाही," साठवणे म्हणाले. "ही घासल्याची खूण आहे. आणि ताजी आहे."

"मी घासलं नाही. थांबा, माझ्याकडे पुरावा आहे." ती धावत जाऊन प्लास्टरची प्रतिकृती घेऊन आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रतिकृतीत तिन्ही झिजलेल्या चकत्या स्वच्छ दिसत होत्या, आणि समोरच्या दाढेत त्यातल्या दोन नव्हत्या. म्हणजे त्या तिच्याच ताब्यात असताना गेल्या, हे तिनं स्वतःच्या हातानं सिद्ध करून दिलं.

साठवण्यांनी खोलीवरून नजर फिरवली. ड्रिल, हिऱ्याची टोकं, पॉलिशची चाकं. "चकत्या जितक्या कमी, तितका हत्ती जुन्या जातीचा. जितकी जुनी जात, तितकी मोठी बातमी. तुम्ही लोक हौसेपायी..." ते थांबले.

"अहो, मला फसवायचंच असतं तर आधीचे फोटो मीच का पाठवले असते?"

"आधी पाठवले. मोह नंतर झाला."

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, दातांचे डॉक्टर, हौशी संग्राहक की आणखी कोणी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि नीलमनं विचारलं नाही. ते विचारून घ्यायची गरज तिला जन्मात कधी पडली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी पाहुण्याला चहा दिल्याशिवाय कसं पाठवायचं म्हणून तिनं चहा मागवला. साठवण्यांनी तो घेतला नाही.

पुढच्या पंधरवड्यात अकोल्यात त्यांचं व्याख्यान होतं. वऱ्हाडातले सगळे हौशी, कॉलेजांतले मास्तर, पोरंपोरी जमलेली. नीलम मुद्दाम गेली. घरी बसलं तर लोक म्हणतील तोंड लपवलं. तिसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर तिच्याच जबड्याचे दोन फोटो आले, आधीचा आणि नंतरचा. साठवण्यांनी नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपण ऐकलं होतं. काही संग्राहकांचंही तसंच असतं." सभागृह हसलं. हसता हसता सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

आठवडाही उलटला नाही तोच अकोल्याच्या ज्या कॉलेजात तिनं दिलेले नमुने मांडले होते तिथून खोकी परत आली. मालवाहू ऑटोवाल्यानं ती जिन्यात आदळली. आतल्या प्रत्येक दगडावरची तिची चिठ्ठी सोलून काढलेली होती. वीस वर्षं ऊन खाऊन जमवलेले ते दगड आता कुठले, कोणत्या थरातले, हे सांगणारं काही उरलं नव्हतं. गोगलगायी नुसते खडे झाल्या होत्या. नीलम जिन्यातच बसली आणि रडली. दुःखानं नव्हे, संतापानं. अशा रडण्यानं मोकळं वाटत नाही, डोकं मात्र दुखतं.

मग साठवण्यांचा फोन. आवाज मऊ. "साफ करताना चुकून घासली गेली, एवढं लिहून द्या. मी सोमवारी येतो, जबडा संस्थेत जमा करतो. विषय संपेल. तुमची खोकीही परत मांडतील ते लोक."

म्हणजे खोटं लिहून दिलं की ती खरी ठरणार होती.

कोणीतरी हात लावल्याशिवाय दगड घासला जात नाही. नीलमनं पहिला संशय घेतला तो शालूवर. शालू तिची मदतनीस, झाडण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत सगळं बघणारी.

"म्या काहून हात लावू, मॅडम?" शालूचे डोळे भरून आले. "मले तं त्या खोलीत झाडू माराचं बी भेव वाटते. रोज त्या टेबलाखाली भुसा पडून राहते."

"कसला भुसा?"

"पांढरा. पिठावाणी. कधी कधी ओला बी राहते. मले वाटलं, तुमी दगड घासून राहिल्या."

नीलमला स्वतःचीच लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं काम साठवणे करत होते, तेच तिनं शालूशी केलं होतं. तिनं माफी मागितली. शालूनं नाक ओढलं आणि खोली झाडायला मात्र त्या दिवसापासून साफ नकार दिला.

पुंजाजींना तिनं सगळं सांगितलं तेव्हा ते गच्चीत पेपर वाचत होते. चष्मा कपाळावर चढवून ऐकत राहिले.

"तुनं मापलं तवा नीट मापलं होतं?"

"बाबा, तुमीबी?"

"इचारून राहिलो. हो म्हण का नाई म्हण."

"हो."

"त्यानंबी नीट मापलं?"

नीलमनं नाइलाजानं मान हलवली. माणूस दुष्ट होता, पण मोजायला चुकणारा नव्हता.

"मंग भांडण कायचं? मोजणारा खोटा नाई, दुसराबी खोटा नाई, तं खुंटा हालला. म्या जिंदगीभर जमीन मोजली. दोन्ही मापं खरी अन् तरी जमत नसलं, तं खुंटा हालला असते, माय. लिहून नको देऊ."

"बाबा, तो दगड आहे."

पुंजाजींनी चष्मा खाली घेतला आणि पेपर उघडला. त्यांच्या दृष्टीनं मोजणी झाली होती.

दुपारी पेशंट नसताना तिनं जबड्याचा एक्स-रे काढायला घेतला. मशीन माणसाच्या दाताच्या मापाचं. इंचाइंचानं पुढे सरकत तुकड्यातुकड्यानं चित्रं काढावी लागली. संगणकावर तिनं ती एकाला एक जोडली. पुढची दाढ, तिची मुळं, मग पोकळ हाड. सहाव्या दाढेच्या मागे काही नसतं. तिथं जबडा संपतो.

मागच्या टोकाला, हाडाच्या आत, फिकट रेघांची एक रांग होती. उभ्या, एकमेकींना चिकटलेल्या, अजून कडा न धरलेल्या. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यात पक्के दात हिरडीखाली जसे दिसतात, तशा.

महिनाभर पुन्हा पुन्हा ताडून बघितल्याशिवाय ती चित्रं तिनं कोणाला दाखवली नसती, पण महिना नव्हता. सोमवार तोंडावर आला होता.

तिला दुसरं काही सुचलं नाही, तेव्हा तिनं जे रोज करते तेच केलं. पेशंट म्हणतो, दाढ झिजते. डॉक्टर विचारतो, कशावर झिजते? वरच्या दातावर. मग दोन्ही दातांमध्ये मेणाची पट्टी ठेवून चावायला सांगायचं, म्हणजे कुठला दात कुठे टेकतो ते कळतं. नीलमनं लाल मेणाची जाड पट्टी तापवून दाढेवर बसवली. अमरावतीच्या मे महिन्यात मेण आपोआपही बसकण मारतं, हे तिला कळत होतं. म्हणून एसी चालू ठेवला आणि तशीच दुसरी पट्टी शेजारी टेबलावर मोकळी ठेवली. खोलीला कुलूप घातलं. किल्ली एकच होती, ती तिनं पर्समध्ये टाकली. हे करताना तिला हसू येत होतं आणि रागही येत होता. शिकल्यासवरल्या बाईनं दगडाला 'चाव' म्हणायचं!

सोमवारी सकाळी तिनं कुलूप काढलं.

टेबलावरची पट्टी ठेवली तशी सपाट होती.

दाढेवरची पट्टी खालून दबली होती, ते साहजिकच होतं. ती वरूनही दबली होती. खोल, तिरप्या, ओळीनं उमटलेल्या चकत्या.

तिनं पट्टी उचलली, वरच्या ठशात प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर मेण सोललं. निघाली ती हत्तीच्या वरच्या जबड्यातली दाढ होती.

साठवणे अकराला आले. कागद सोबत होता, पेनही सोबत होतं. नीलमनं कागदाकडे बघितलं नाही. प्लास्टरची दाढ त्यांच्या हातात दिली.

त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावरचं मऊपण गेलं.

"वरचा जबडाही आहे तुमच्याकडे."

"नाही."

"मॅडम, हा त्याच प्राण्याचा आहे. झीज झिजेला जुळते आहे. वरचा जबडा दडवून ठेवलात तुम्ही?"

नीलम हसली. इतकी चीड तिला आयुष्यात आली नव्हती. "शोधा. कपाटं उघडी आहेत. घरची किल्ली देते. बाबांची ट्रंकही उघडून बघा."

ते उठले नाहीत. त्यांनी प्लास्टर उलटसुलट केलं. आतल्या बाजूला, दाढेच्या कडेला, एक गोलसर फुगवटा उमटला होता. मऊ, सुरकुतलेला, बारीक बारीक पुटकुळ्यांचा.

"हे काय आहे?"

नीलमला ते सकाळपासून माहीत होतं. मेण तोंडात ठेवलं, हलू नका म्हटलं, तरी प्रत्येक पेशंट तेच करतो. काय आहे ते चाचपडायला पुढे येते.

"जीभ," ती म्हणाली.

साठवण्यांनी प्लास्टरची दाढ जबड्यातल्या दाढेवर टेकवली. खटका बसावा तशी ती बसली. जरा वेळानं उचलली. पांढरं प्लास्टर खालून राखाडी, ओलं झालं होतं. त्याच्या आणि दाढेच्या मध्ये एक चिकट तार लांबत गेली, लांबत गेली आणि तुटली.

ते मागे सरकत पेशंटच्या खुर्चीवर बसले.

"तुमचं पहिलं माप बरोबर होतं, डॉक्टर."

हे वाक्य ऐकायला ती महिनाभर जळत होती. पहिल्यांदाच 'मॅडम' नव्हतं, 'डॉक्टर' होतं. आनंद झाला नाही.

"मग हे अकोल्यात सांगा. माइकवर. नाव घेऊन."

"कोण विश्वास ठेवेल?"

"माझ्यावर ठेवला होता कोणी?"

त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली. "जबडा तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले.

म्हणजे झालं. ती खरी होती, आणि हे फक्त या खोलीतच खरं राहणार होतं.

दाढेवरची लाळ टेबलावर ठिबकू लागली होती. नीलमनं ट्रेमधला कापसाचा बोळा उचलला, दाढेवर ठेवला, आणि सवयीनं म्हणाली, "दाबून धरा."

मग तिनं बोळा ओढला.

तो निघाला नाही.